एका तारेचा इतिहास : तुणतुणे, डिडली बो आणि घरी घडविलेल्या वाद्यांचे सामाजिक वाचन
(उल्हासनगर कॅम्प ४ च्या संदर्भात एक तौलनिक विचार)

बीजशब्द : तुणतुणे, ब्लूज, जलसा, स्थलांतर, उल्हासनगर

प्रस्तावना

मराठीत 'तेच तुणतुणे वाजविणे' असा एक वाक्प्रचार रूढ आहे. एखादी व्यक्ती तीच तक्रार, तीच मागणी पुन्हा पुन्हा मांडू लागली की तिच्या बोलण्याला हे नाव दिले जाते. वरकरणी हा वाक्प्रचार निरुपद्रवी वाटतो. परंतु त्यात दोन निवाडे दडलेले आहेत. एक म्हणजे हे वाद्य नीरस आहे, आणि दुसरा म्हणजे वारंवार केलेली मागणी ऐकण्यायोग्य नसते. ज्यांच्या हाती हे वाद्य पिढ्यान्‌पिढ्या राहिले, त्यांना तीच मागणी पुन्हा पुन्हा का मांडावी लागली, हा प्रश्न वाक्प्रचार विचारीत नाही. इतिहासाच्या अभ्यासकाने मात्र तो विचारणे आवश्यक आहे.

प्रस्तुत निबंधात एका तारेच्या, घरच्या घरी घडविता येणाऱ्या दोन वाद्यांचा तौलनिक विचार केला आहे. पहिले वाद्य महाराष्ट्राच्या गोंधळ, तमाशा, पोवाडा आणि जलसा या परंपरांतील तुणतुणे. दुसरे, अमेरिकेच्या दक्षिणेकडील कृष्णवर्णीय शेतमजुरांनी घराच्या भिंतीवर तार ठोकून तयार केलेले 'डिडली बो' हे वाद्य, ज्याच्यावर ब्लूज या गानप्रकारातील अनेक नामांकित वादकांची बोटे प्रथम वळली. या तुलनेसाठी उल्हासनगर कॅम्प ४ आणि त्याचा परिसर संदर्भभूमी म्हणून निवडला आहे. लष्करी छावणीतून उभे राहिलेले, फाळणीच्या निर्वासितांनी वसविलेले आणि नंतर राज्याच्या दुष्काळी भागांतून आलेल्या श्रमिकांना सामावून घेणारे हे नगर आहे. विस्थापितांचे संगीत कोणत्या साधनांवर तग धरते, हा प्रश्न येथे पुस्तकी राहत नाही.

निबंधाची पद्धती ग्रंथाधारित व तौलनिक आहे. त्यातील प्रतिपादन असे की, एका तारेचे साधे वाद्य हे केवळ दारिद्र्याचे लक्षण मानणे अपुरे आहे. ते कोणत्या वस्तूंपासून बनले, ते कोणी हाती धरले आणि कोणी टाकून दिले, या गोष्टी लिखित दस्तऐवजाइतक्याच बोलक्या आहेत. म्हणून अशा वाद्याकडे ऐतिहासिक साधन म्हणून पाहिले पाहिजे.

१. तुणतुण्याची रचना आणि वर्गीकरणाचा पेच

तुणतुण्याची घडण थोडक्यात सांगता येते. लाकडाचे किंवा धातूचे, साधारण मापट्याच्या आकाराचे एक नळकांडे घेतात. त्याचे वरचे तोंड उघडे असते आणि खालचे तोंड चामड्याने मढविलेले असते. नळकांड्याच्या बाहेरच्या अंगाला एक काठी पक्की बसवितात आणि काठीच्या वरच्या टोकाला खुंटी असते. चामड्याच्या मध्यातून ओवलेली तार नळकांड्याच्या पोटातून वर येते आणि खुंटीला गुंडाळली जाते. तार चामडे फाडून निसटू नये म्हणून खाली तिला एखादी चकती किंवा तत्सम आधार दिलेला असतो. खुंटी पिळून मुख्य गायकाच्या स्वराशी तार जुळवायची, वाद्य काखेशी धरायचे आणि लाकडाच्या लहानशा तुकड्याने तार छेडत राहायचे, एवढेच त्याचे तंत्र.

या रचनेमुळे वाद्यशास्त्रज्ञांपुढे एक पेच उभा राहिला. एरिक फॉन हॉर्नबोस्टेल आणि कुर्ट झाक्स यांनी १९१४ मध्ये जगभरच्या वाद्यांचे जे वर्गीकरण मांडले, त्यात या कुळातील वाद्यांना 'छेडून वाजविण्याचे चर्मवाद्य' असे स्थान मिळाले; कारण तारेचे कंपन चामड्याला हलविते व ध्वनी चामड्यातून उमटतो, असे त्यांनी मानले. पुढे १९८१ मध्ये लॉरेन्स पिकन यांनी बंगालच्या गोपीयंत्र व आनंदलहरी या वाद्यांचा अभ्यास करून ती मुळात तंतुवाद्येच आहेत, असे प्रतिपादन केले. म्हणजे ज्या वाद्यकुळाला लोकव्यवहारात 'साधे' म्हटले जाते, ते शास्त्राच्या चौकटीत सहज बसले नाही. यल्लमा-तुळजाभवानीच्या भक्तपरंपरेतील चौंडके याच कुळातले. तेथे तारेचे दुसरे टोक हातात धरून ताण कमी-अधिक केला जातो आणि त्यामुळे तारेतून हुंकारासारखे चढउतार निघतात.

तुणतुण्याचे काम दुहेरी आहे. ते गायकाला आधारस्वर पुरविते आणि त्याच वेळी लयीचा ठेका धरते. गोंधळात संबळाच्या जोडीला, वाघ्या-मुरळीच्या गाण्यात दिमडीच्या जोडीला, तमाशात ढोलकी-हलगीच्या मागे आणि पोवाड्यात डफाच्या शेजारी ते उभे असते. तुणतुणे धरणारा सहसा झीलकरीही असतो. मुख्य शाहिराने चरण टाकला की त्याची अखेर उचलून तारसप्तकात ताणून धरणे ही त्याची जबाबदारी. शाहिराला श्वास घेण्यास, पुढचा शब्द जुळविण्यास आणि श्रोत्यांचा अंदाज घेण्यास जी सवड मिळते, ती या माणसाने दिलेली असते. ज्या आवर्तनाला वाक्प्रचाराने कंटाळवाणे ठरविले, त्याच आवर्तनावर शाहिरीचा शब्द तोललेला असतो.

वाद्याच्या घडणीत श्रमविभागणीचाही इतिहास आहे. नळकांडे व काठी सुताराच्या हातची, चामडे कमावणारा दुसराच आणि तार बाजारातली. गावगाड्यात चामड्याला स्पर्श करणारे हात कोणते, हे ठरलेले होते. त्यामुळे चामडे ताणलेले प्रत्येक वाद्य जातिव्यवस्थेची एक नोंद बाळगून असते. वाद्य वाजविले जाते देवीच्या दारात. ते घडविणाऱ्यांपैकी काहींना मात्र त्याच दारापासून लांब उभे राहावे लागत होते.

२. मिसिसिपीच्या भिंतीवरील तार

आता दुसऱ्या वाद्याकडे वळू. अमेरिकेतील मिसिसिपी नदीच्या खोऱ्यात कापसाच्या मळ्यांवर राबणाऱ्या कृष्णवर्णीय कुटुंबांची घरे लाकडी फळ्यांची असत. झाडूचा जुडगा बांधण्यासाठी वापरलेली तार सोडवून घ्यायची, ती दोन खिळ्यांमध्ये भिंतीवर ताणायची आणि दोन्ही टोकांजवळ तारेखाली बाटली, दगड किंवा डबा सरकवून ती उचलून धरायची, की डिडली बो तयार होई. एका हाताने तार छेडायची आणि दुसऱ्या हाताने काचेची बाटली तारेवरून घसरवीत नेत स्वर काढायचे. संपूर्ण भिंतच वाद्याचा भोपळा होई. वाजविणारे त्याला 'जिटरबग', 'वन-स्ट्रँड' अशी निरनिराळी नावे देत. एल्मोर जेम्स (१९१८-१९६३) यांच्यासारख्या पुढे कीर्ती मिळविलेल्या वादकाने लहानपणी असल्याच तारेवर हात बसविला होता.

हे वाद्य केवळ अभावातून सुचले असे म्हणता येत नाही. डेव्हिड इव्हान्स यांनी १९७० मध्ये आणि गेऱ्हार्ड कुबिक यांनी १९९९ मधील आपल्या ग्रंथात दाखवून दिले आहे की, पश्चिम व मध्य आफ्रिकेत मुलांनी वाजविण्याची एकतारी वाद्ये होती. त्यांत एक मूल काठीने तार ठोकी आणि दुसरे तारेवर वस्तू सरकवून स्वर बदली. गुलामांच्या जहाजांतून वाद्ये आली नसतील, पण वाद्य कसे करायचे याचे ज्ञान आले. वस्तू जप्त होते, हरवते, मोडते. कृती लक्षात असली की वस्तू पुन्हा उभी करता येते.

याच काळातील दुसरे घरगुती वाद्य म्हणजे सिगारच्या खोक्याची गिटार किंवा फिडल. अमेरिकेत १८६० च्या दशकातील करविषयक कायद्यांमुळे सिगार लाकडी खोक्यांत भरून विकणे आवश्यक झाले आणि रिकामी खोकी घरोघर साठू लागली. सरकारने कर वसूल करण्यासाठी घातलेल्या अटीतून गरिबाला वाद्याचा सांगाडा मिळाला. यादवी युद्धातील सैनिकाच्या हाती खोक्याची फिडल दाखविणारे एडविन फोर्ब्स यांचे एक चित्र १८७६ मध्ये छापले गेले. पुढे १८९० च्या दशकापासून टपालाने माल पाठविणाऱ्या कंपन्यांच्या सूचिपुस्तकांतून स्वस्त गिटारी खेडोपाडी पोहोचल्या. तारेवर घसरत्या काचेचा किंवा सुरीचा स्वर काढण्याची रीत मात्र नव्या गिटारीवरही कायम राहिली. डब्ल्यू. सी. हँडी यांनी १९४१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आत्मचरित्रात, १९०३ च्या सुमारास मिसिसिपीतील टटवायलर या स्थानकावर सुरीने गिटारची तार दाबून गाणाऱ्या एका फाटक्या माणसाचे वर्णन केले आहे. ब्लूजच्या इतिहासाची सुरुवात बहुधा याच वर्णनापासून केली जाते.

३. साम्य आणि भेद

तुलना करताना प्रथम भेद नोंदविणे योग्य. डिडली बो हे प्रामुख्याने मुलांचे वाद्य होते. त्यावर हात बसला आणि चार पैसे जमले की वादक गिटारकडे वळत असे. तुणतुणे मात्र प्रौढ, व्यवसायी कलावंताचे वाद्य आहे. ते कशाची पूर्वतयारी नाही आणि त्याला विधींमध्ये निश्चित स्थान आहे. डिडली बोवर पूर्ण सुरावट वाजते. तुणतुणे आधारस्वरावर राहते. दोन्हींची वंशावळही स्वतंत्र आहे.

तरीही साम्य आहे आणि ते परिस्थितीतील आहे. दोन्ही वाद्यांत मानवी आवाजाला आणि शब्दाला अग्रस्थान मिळते. ब्लूजच्या रूढ रचनेत पहिली ओळ म्हटली जाते, तीच पुन्हा म्हटली जाते आणि तिसरी ओळ तिला उत्तर देते. पुनरावृत्तीच्या काळात गाणारा पुढची ओळ जुळवितो. शाहिरीत हेच काम झील करते. म्हणजे पुनरावृत्ती ही दोन्हीकडे तात्काळ रचना करणाऱ्या कवीची सोय आहे. शिवाय दोन्ही परंपरांत वाद्य आणि आवाज यांचे नाते संवादाचे आहे. ओळीच्या शेवटी गायक थांबतो आणि तार ती ओळ पुढे नेते.

दुसरे साम्य स्थलांतराचे आहे. १९१० ते १९७० या काळात लाखो कृष्णवर्णीय माणसे दक्षिणेतून उत्तरेच्या औद्योगिक शहरांत गेली. मडी वॉटर्स यांचे गाणे ॲलन लोमॅक्स यांनी १९४१ मध्ये मिसिसिपीतील एका मळ्यावर ध्वनिमुद्रित केले, आणि १९४३ मध्ये मडी वॉटर्स शिकागोला निघून गेले. आपल्याकडे लोहमार्ग १८५४ मध्ये कल्याणपर्यंत व १८५६ मध्ये खोपोलीपर्यंत पोहोचला. देशावरून आणि पुढे मराठवाड्यातून माणसे मुंबईच्या गिरण्यांकडे, गोद्यांकडे आणि कल्याण परिसरातील कारखान्यांकडे याच मार्गांनी आली. १९७२ च्या दुष्काळाने हा ओघ वाढविला. ज्याला डोक्यावरच्या एका बोचक्यात संसार आणायचा आहे, त्याचे वाद्य बोचक्यात मावणारे किंवा पोहोचल्यावर पुन्हा करता येणारे असावे लागते.

४. तुलनेचा मराठी वारसा

अशा तुलनेवर एक रास्त आक्षेप येऊ शकतो. वर्ण आणि जात या भिन्न व्यवस्था आहेत. त्यांची सरमिसळ का करावी? या आक्षेपाचे उत्तर मराठी विचारपरंपरेतच सापडते. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हा ग्रंथ प्रसिद्ध केला तेव्हा तो अमेरिकेतील गुलामांना दास्यातून मुक्त करण्यासाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण केला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी जुलै १९४६ मध्ये डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहून, अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली. १९७२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नाव १९६६ मध्ये कॅलिफोर्नियात उभ्या राहिलेल्या ब्लॅक पँथर पक्षावरून घेतले. म्हणजे ही तुलना या भूमीतील विचारवंतांनी व कार्यकर्त्यांनी जवळजवळ शंभर वर्षे जाणीवपूर्वक केली आहे. ती ग्रंथ, पत्रव्यवहार आणि संघटना यांच्या पातळीवर झाली. संगीताच्या साधनांपर्यंत ती फारशी नेली गेली नाही. प्रस्तुत निबंध ते पुढचे पाऊल टाकू पाहतो.

५. वाद्य आणि सत्ता

साधे वाद्य सत्तेला का खुपते, याची उदाहरणे दोन्हीकडे आहेत. दक्षिण कॅरोलिनात १७३९ मध्ये स्टोनो येथे गुलामांचे बंड झाले. त्यात ढोलांच्या आवाजाने माणसे गोळा करण्यात आली होती. पुढच्याच वर्षी, १७४० मध्ये, केलेल्या कायद्याने गुलामांना ढोल व शिंगे बाळगण्यास मनाई करण्यात आली. जेथे ढोल गेला तेथे टाळी, पायाचा ठेका आणि तार यांच्यावर लयीचा भार आला.

महाराष्ट्रात सत्यशोधक जलशांनी तमाशाचा ढाचा घेऊन त्यात समाजप्रबोधनाचा आशय भरला. १९३० च्या दशकात आंबेडकरी जलशांनी तोच मार्ग पुढे नेला. स्वतः जलसाकार असलेले भीमराव कर्डक यांनी पुढे या जलशांवर ग्रंथ लिहून त्यांचे स्वरूप व कार्य नोंदवून ठेवले, ही मराठी समाजेतिहासाच्या दृष्टीने मोलाची गोष्ट होय. १९४४ मध्ये अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक स्थापन केले. स्वातंत्र्यानंतर लगेचच मुंबई सरकारने तमाशावर निर्बंध आणले, तेव्हा अण्णा भाऊंनी तोच आकृतिबंध 'लोकनाट्य' या नावाने उभा केला. नाव बदलले, डफ-तुणतुणे तेच राहिले. ज्या वाद्यासाठी परवाना, वीज, रंगमंच किंवा भांडवल लागत नाही, त्याच्यावर बंदी घालणे अवघड असते. बंदी घालायची तर माणसावरच घालावी लागते. कामगारवस्त्यांतील सभांमध्ये ही परंपरा विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत जिवंत होती. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात झालेल्या गोळीबारानंतर शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. आनंद पटवर्धन यांच्या २०११ च्या 'जय भीम कॉम्रेड' या माहितीपटात त्या परंपरेचे आणि तिच्या वेदनेचे दर्शन घडते.

६. लाज आणि अभिमान

या इतिहासाची एक अवघड बाजू टाळता येणार नाही. साध्या वाद्यांवर त्यांच्या वाहकांनीच अनेकदा पाठ फिरविली आहे. हँडी यांचा जन्म १८७३ चा. त्यांचे वडील धर्मोपदेशक होते. मुलाने साठविलेल्या पैशातून गिटार आणली तेव्हा वडिलांनी ती परत करून त्याऐवजी शब्दकोश आणावयास लावला. सुशिक्षित होऊ पाहणाऱ्या कृष्णवर्णीय कुटुंबांना ब्लूज हे मळ्याचे, दारूच्या गुत्त्याचे आणि सैतानाचे संगीत वाटे. गुलामगिरीच्या आठवणीशी जडलेल्या बँजोला तर त्यांच्यातील अनेकांनी दूर सारले.

महाराष्ट्रात हा प्रश्न अधिक तीव्र होता. गावकीच्या कामात हलगी-डफ वाजविणे हे कौशल्य असले तरी ते ऐच्छिक नव्हते. ते जातीने लादलेले कर्तव्य होते. १९२७ च्या महाड सत्याग्रहाच्या काळापासून गावकीची अपमानास्पद कामे सोडण्याचा निर्धार बळावला. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर देवदेवतांशी निगडित विधी व त्यांची वाद्ये अनेक कुटुंबांनी बाजूला ठेवली आणि १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गाववतने रद्द झाली. वाद्य टाकून देणे ही येथे सांस्कृतिक हानी नव्हती. ती मुक्तीची कृती होती. लोकसंस्कृतीच्या अभ्यासकाने 'परंपरा लोप पावत आहे' असा सूर लावण्यापूर्वी हे ध्यानात घेतले पाहिजे.

पण त्याच समाजातील शाहिरांनी तेच वाद्य नव्या आशयासाठी पुन्हा उचलले, हेही तितकेच खरे. वामनदादा कर्डक (१९२२-२००४) यांची गीते गावोगाव तोंडी पसरली. सक्तीने वाजविलेले वाद्य आणि स्वेच्छेने वाजविलेले वाद्य यांची रचना एकच असते. त्यांचा इतिहास मात्र वेगळा असतो. ब्लूजच्या बाबतीतही नेमके हेच घडले. आईवडिलांनी नाकारलेली तार नातवंडांनी वारसा म्हणून जवळ केली. मिसिसिपीचे लॉनी पिचफर्ड (१९५५-१९९८) हे तरुण वयातच डिडली बोचे वादक म्हणून ओळखले गेले, आणि त्यांच्या समाधिशिलेवर वाजविता येईल अशी एक तार बसविलेली आहे.

७. उल्हासनगर : छावणी, यकतारो आणि बेंजो

आता संदर्भभूमीकडे येऊ. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ लष्करी छावणी उभारण्यात आली होती. फाळणीनंतर तिच्या बराकींत सिंधी निर्वासितांना वसविण्यात आले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीचे 'उल्हासनगर' असे नामकरण झाले. लष्करी क्रमांकांची आठवण 'कॅम्प १' ते 'कॅम्प ५' या नावांत आजही कायम आहे. १९९६ मध्ये येथे महानगरपालिका आली. २०११ च्या जनगणनेनुसार नगराची लोकसंख्या ५,०६,०९८ होती. कुर्ला कॅम्प, सुभाष टेकडी हे भाग असलेल्या कॅम्प ४ मध्ये सिंधी बराकी आणि मराठी श्रमिकांच्या वस्त्या परस्परांना लागून आहेत.

सिंधी निर्वासितांच्या स्मृतीतही एक तार होती. सिंधमध्ये सूफी फकीर 'यकतारो' हे एकतारी वाद्य आणि 'चपडी' नावाच्या लाकडी करताली घेऊन गात. सचल सरमस्त (१७३९-१८२७) यांच्या काव्याचे गायन याच साथीवर होत आले. नृत्य, कथन आणि गायन यांचा मेळ घालणारी 'भगत' ही सिंधी परंपरा तर मराठी कीर्तन-तमाशाच्या श्रोत्याला सहज ओळखीची वाटावी. भगत कंवरराम (१८८५-१९३९) यांची १ नोव्हेंबर १९३९ रोजी रुक स्थानकावर हत्या झाली. त्यांचे नाव उल्हासनगरच्या सिंधी समाजात आजही आदराने घेतले जाते. यकतारो आणि तुणतुणे यांची घडण निराळी, भाषा निराळी, दैवते निराळी. तरीही घर सोडून आलेल्या दोन समूहांनी सोबत आणलेला संगीताचा किमान ऐवज एका तारेइतकाच होता, हे साम्य लक्षणीय आहे.

याच नगराविषयी 'मेड इन यूएसए' असा एक जुना विनोद प्रचलित आहे. त्याचा अर्थ 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन'मध्ये बनलेला. या विनोदात नकली मालाविषयी टोमणा आहे. परंतु काहीही हाती नसताना मिळेल त्या वस्तूपासून हवी ती वस्तू करून दाखविणाऱ्या निर्वासितांच्या हुन्नराची अप्रत्यक्ष कबुलीही त्यात आहे. झाडूच्या तारेचे वाद्य करणाऱ्या मिसिसिपीच्या मुलाचा हुन्नर याच जातीचा.

अमेरिकेशी असलेला आणखी एक धागा येथे रस्त्यावर ऐकू येतो. मुंबई-ठाणे परिसरात मिरवणुकीच्या वाद्यमेळ्याला 'बेंजो' म्हणतात. भीमजयंती असो वा गणेशोत्सव, बेंजोवाल्यांवाचून मिरवणूक निघत नाही. या मेळ्याला नाव देणारे वाद्य म्हणजे बुलबुलतरंग होय. टंकलेखन यंत्रासारख्या कळा असलेले हे वाद्य जपानमधील नागोया येथे गोरो मोरिता यांनी १९१२ मध्ये तयार केलेल्या 'ताइशोगोतो' या वाद्यापासून आले. त्याला मिळालेले 'बँजो' हे नाव मात्र जपानी नाही. मूळ बँजो म्हणजे भोपळ्यावर चामडे ताणून आफ्रिकी गुलामांनी कॅरिबियन बेटांवर व अमेरिकेत घडविलेले वाद्य. हॅन्स स्लोन यांनी १६८८ मध्ये जमैकात असली भोपळ्याची तंतुवाद्ये पाहिली व १७०७ च्या ग्रंथात त्यांचे चित्र छापले. एकोणिसाव्या शतकात गोऱ्या करमणूकदारांनी ते उचलले, कारखान्यांनी ते सुबक केले आणि त्याचे नाव जगभर गेले. कॅम्प ४ च्या मिरवणुकीत वादक ज्या नावाने आपली ओळख सांगतो, ते नाव गुलामांच्या घरगुती वाद्याचे आहे. प्रल्हाद शिंदे (१९३३-२००४) यांच्यासारख्या गायकांच्या ध्वनिमुद्रिकांनी आणि १९८० च्या दशकातील कॅसेटच्या प्रसाराने भीमगीतांचा ठेका बदलला. हार्मोनियम, ढोलक व विजेची वाद्ये पुढे आली आणि तुणतुणे मागे सरले. परंतु घडविणे, जोडणे, नाव बदलून आपलेसे करणे ही रीत मागे सरली नाही.

८. साधेपणाची मालकी

येथे वर्तमानाशी संबंधित एक प्रश्न उरतो. गेल्या काही दशकांत अमेरिकेत सिगारच्या खोक्याच्या गिटारींना पुन्हा मागणी आली आहे. हौशी कारागीर त्या बनवितात, त्यांचे महोत्सव भरतात, तयार साहित्याचे संच विकले जातात. नाइलाजाने केलेली वस्तू आता निवडीने केली जाते आणि कधी कारखान्यातील वाद्यापेक्षा महाग विकली जाते. आपल्याकडेही तुणतुणे, एकतारी ही वाद्ये महोत्सवांच्या सजावटीत व हस्तकलेच्या दुकानांत दिसू लागली आहेत. यात गैर काही नाही. वाद्य कोणी वाजवावे यावर मक्तेदारी सांगता येत नाही. मात्र वाद्य भिंतीवर टांगताना त्याचा इतिहास खाली उतरवून ठेवला, तर साधेपणा ही नुसती शोभा होऊन बसते. १९६० मध्ये लॉस एंजेलिसच्या निराधारांच्या वस्तीत एडी जोन्स नावाचा एक माणूस फळीवर ताणलेल्या एका तारेवर ब्लूज वाजविताना आढळला व त्याचे ध्वनिमुद्रण झाले. पुढे ध्वनिमुद्रिका निघाली. तार संग्राहकांच्या कपाटात सुरक्षित राहिली. ती छेडणाऱ्या माणसाच्या निवाऱ्याचा प्रश्न त्या कपाटात नव्हता.

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातील महाविद्यालयांना याबाबत काही ठोस करता येण्यासारखे आहे. इतिहास, मराठी, सिंधी आणि समाजशास्त्र या विभागांनी एकत्र येऊन वस्त्यांतील वाद्यांची नोंद घ्यावी. नोंदीत वाद्याचे माप व छायाचित्र असावेच. त्याखेरीज नळकांडे कशाचे आहे, चामडे कोठून आले, तार कोणत्या बाजारातली, शेवटची दुरुस्ती कोणी केली, हे वाद्य घरात कोणी आणले आणि कोणी ते वाजवायचे सोडले, हेही विचारले जावे. सोडण्याचे कारण हा वाजविण्याच्या कारणाइतकाच महत्त्वाचा पुरावा आहे. आपल्या वर्गात बसणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांच्या घरी अशी आठवण असू शकते. ती सांगण्याजोगी आहे, याची खात्री त्यांना महाविद्यालयाने द्यावयाची आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. पहिला, तुणतुणे व डिडली बो यांच्यातील साम्य उगमाचे नसून परिस्थितीचे आहे, आणि म्हणूनच ते सामाजिक इतिहासाला उपयुक्त आहे. दुसरा, अशा वाद्यांचे टिकाऊपण वस्तूत नसते; ते कृतीच्या ज्ञानात असते. त्यामुळे संग्रहालयातील वस्तूबरोबर मौखिक नोंदीही घेणे अनिवार्य ठरते. तिसरा, वाद्य स्वीकारणे आणि वाद्य नाकारणे या दोन्ही कृती आत्मसन्मानाच्या इतिहासाचा भाग आहेत. त्यांपैकी एकीलाच 'परंपरा' म्हणणे एकांगी ठरेल. चौथा, उल्हासनगरसारख्या विस्थापितांच्या नगरात मराठी, सिंधी आणि सागरापलीकडील संगीतस्मृतींचे थर एकमेकांवर बसलेले आहेत, आणि त्यांचे वाचन स्थानिक महाविद्यालयांनीच करणे उचित आहे.

राहता राहिला तो वाक्प्रचार. ज्याचे म्हणणे पहिल्या वेळी ऐकले जाते, त्याला ते पुन्हा म्हणावे लागत नाही. तेच तुणतुणे पुन्हा वाजत असेल, तर वाजविणाऱ्याच्या कल्पकतेविषयी शंका घेण्यापूर्वी ऐकणाऱ्यांनी आपल्या कानांविषयी विचार करावा, एवढेच हा इतिहास सुचवितो.